जुनी डिझेल गाडी घेताय? आधी बॉनेटला हात लावा

गाडी बघायला निघण्याआधी मालकाला फोन करून एवढंच सांगा, "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." तो हो म्हणेल. तरी पोचल्यावर रामराम झाला की सगळ्यात आधी बॉनेटवर तळहात ठेवा. कोमट लागलं तर चहा घ्या, चार गप्पा मारा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला परत या. डिझेल इंजिन एकदा तापलं की त्याची निम्मी दुखणी झाकली जातात, आणि ज्याने आयुष्यभर गाडी विकायचा धंदा केला त्याला हे तुमच्या आधी माहीत असतं.

कराडला हायवेलगत माझं गॅरेज आहे, काम बहुतेक डिझेलचंच. "मिस्त्री, जरा गाडी बघायला येता का?" म्हणत लोक येत असतात, पण बऱ्याच जणांनी तोवर एजंटाच्या हातात टोकन ठेवलेलं असतं. साखरपुडा उरकून मग पत्रिका बघायची, तसला प्रकार. टोकन दिलेला माणूस दोष ऐकायला तयार नसतो, मी काय सांगणार त्याला?

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवून गाडीकडे जा. डिझेलचा गाभा, म्हणजे ब्लॉक, क्रँक, पिस्टन, हा वेळेवर ऑइल मिळालं तर सहसा दगा देत नाही. माणसाला खर्चात घालतात ते इंजिनच्या अंगावरचे भाग: इंजेक्टर (सिलेंडरमध्ये डिझेल फवारतो तो), टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबतो तो), क्लचच्या मागचं फ्लायव्हील (जड चाक) आणि बीएस-६, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या गाडीतला डीपीएफ (धुराची जाळी). "इंजिन दणकट आहे हो" हे खरंच असतं, पण त्या वाक्यात या चौघांचा हिशेब नसतो. म्हणून टायर, सीट कव्हर, म्युझिक सिस्टिम शेवटी बघा.

डिझेल लागतेच का?

पेट्रोल २०१० साली नियंत्रणमुक्त झालं आणि डिझेल २०१४ साली. मधल्या चार वर्षांत दोन्हींच्या भावात इतकं अंतर होतं की ज्याचं रोजचं रनिंग बाजारापुरतं, त्यानेही डिझेल घेतली. आज तुमच्यासमोर येणाऱ्या कितीतरी गाड्या त्या लाटेतल्या आहेत. आता ते अंतर आक्रसलं, आणि महाराष्ट्रात नव्या डिझेल गाडीला रोड टॅक्सही पेट्रोलपेक्षा जास्त आहे. महिन्याला हजार किलोमीटरच्या आत फिरणार असाल तर माझं मत सरळ आहे: पेट्रोल किंवा सीएनजी बघा.

बीएस-६, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरची डिझेल असेल तर हे मत आणखी कडक. या गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ नावाची जाळी असते. धुरातली काजळी तिथं अडकते आणि गाडी हायवेला एका लयीत पळाली की ती काजळी आतल्या आत जळते. घर ते शाळा, शाळा ते मंडई एवढंच फिरणाऱ्या गाडीत तो जाळ पुरा होत नाही. जाळी तुंबते, डॅशवर दिवा लागतो, गाडी पिकअप सोडते. जाळण्यासाठी जास्तीचं डिझेल सोडलेलं असतं, त्यातलं काही पिस्टनच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतं. म्हणून बीएस-६ गाडीची ऑइलची पट्टी काढून बघाच. पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल आणि पट्टीला डिझेलचा वास येत असेल, तर ती गाडी गावातल्या गावातच फिरलेली आहे, मालक हायवे-हायवे म्हणून कितीही सांगो.

त्याच गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवा. जाळी शाबूत असेल तर बोट जवळजवळ कोरडं, स्वच्छ निघतं. काळंकुट्ट निघालं तर जाळी फुटली आहे किंवा कुणीतरी ती काढून आतून पोकळ करून टाकली आहे. नवी जाळी काही गाड्यांत लाखापर्यंत जाते. बीएस-४ गाडीत मात्र बोट काळं झालं म्हणून घाबरू नका, तिथं ते नेहमीचंच.

सकाळी सातचं काम

बॉनेट थंड आहे, चांगलं. आता चालू करण्याआधी उघडून बघा. ऑइल काळं आहे म्हणून नाक मुरडू नका. डिझेलमध्ये नवं ऑइलही थोड्याच दिवसांत काळं पडतं. उलट तुम्ही बघायला येणार त्याच दिवशी पट्टीवर सोनेरी ऑइल दिसलं, तर विचारा की कालच का बदललं आणि बिल कुठंय. ऑइल कॅपच्या आत ताकासारखा पांढुरका चिकटा दिसला तर ऑइलमध्ये पाणी जातंय. कूलंटच्या बाटलीत रंगीत कूलंट हवं. गढूळ तांबडं पाणी असेल तर वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलेलं आहे, आणि वर तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनच्या हेडखालच्या सीलचा, संशय धरा.

इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर जमलेला दिसतो का, तेही बघा. इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर गळतोय, त्याची ती खूण. वॉशर काही रुपयांचा असतो, पण थर जुना झाला की इंजेक्टर असा अडकून बसतो की काढता काढता हेडचंच काम निघतं.

आता चावी फिरवा, स्टार्ट करू नका. चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला पाहिजे. लागलाच नाही तर तो मुद्दाम बंद केलाय, असं समजा. शेजारी स्प्रिंगच्या वेटोळ्यासारखं चिन्ह दिसेल, ते हीटर प्लगचं. ते विझलं की स्टार्ट मारा. चांगली डिझेल आपल्या हवेत एका-दोन सेकंदांत लागते. स्टार्टर घरघरत राहिला, मालक म्हणाला "बॅटरी जरा उतरलीय", तर दुसरी बॅटरी लावून दाखवायला सांगा. बॅटरी खरंच कारण असेल तर गाडी लगेच लागेल. नाही लागली तर हीटर प्लग, इंजेक्टर नाहीतर कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब), यांपैकी काहीतरी आहे.

चालू होताना एक माणूस मागे उभा करा. थंडीत पहिल्या काही क्षणांत पांढुरका धूर आला आणि गेला, तर ठीक. पांढरा धूर येतच राहिला आणि डोळ्याला झोंबला, तर कच्चं डिझेल बाहेर पडतंय. त्याला गोडसर वास असेल तर कूलंट जळतंय. निळसर धूर ऑइलचा, म्हणजे रिंगा किंवा टर्बोचं सील. काळा धूर जोरात ॲक्सिलरेटर दिल्यावर थोडा येतो, जुन्या गाडीत जास्तच. पण साध्या उभ्या गाडीत काळा येत असेल तर एअर फिल्टर, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), इंजेक्टर या क्रमाने शोधावं लागतं. ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने भरणं हा किरकोळ आजार आहे, साफ करून भागतं. एवढ्यासाठी चांगली गाडी सोडू नका, भाव मात्र पाडा.

इंजिन चालू असताना ऑइलची कॅप सैल करून तोंडावर नुसती ठेवा. थोडी थरथरली तर चालतं. काही इंजिनांत रचनेमुळेच ती नाचते, म्हणून पट्टीही थोडी वर खेचून बघा. कॅप उडून पडली आणि पट्टीच्या नळीतून फुसफुस धूर यायला लागला, की आम्ही म्हणतो "इंजिन बॅक मारतंय". पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, दाब खाली उतरतोय. ही गाडी सोडून द्या. हाफ इंजिनचं काम (इंजिन उघडून रिंगा वगैरे बदलणं) करून घेऊ, भाव कमी करून घेऊ, हे गणित कागदावरच जुळतं.

इंजेक्टरबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण लोक इथंच फसतात. कॉमन रेल गाडीत, म्हणजे जिथं सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून डिझेल जातं, डिझेलचा दाब दीड हजार बारच्या आसपास जातो. तुमच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतात, त्यावरून अंदाज घ्या. एवढ्या दाबात पाण्याचा थेंब किंवा बारीक कचरा गेला की इंजेक्टरची सुई खरवडते. मग तो बंद असतानाही डिझेल पाझरतो किंवा परतीच्या नळीत जास्त सोडतो. आमच्याकडे याची साधी चाचणी आहे: चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या काढून चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या आणि इंजिन थोडा वेळ चालवायचं. चारी बाटल्यांत साधारण सारखं डिझेल आलं तर बरं. एकीत बाकीच्यांच्या दुप्पट असेल तर तो इंजेक्टर गेला. यासाठी मिस्त्रीला वेगळे पैसे द्यावे लागले तरी द्या. नवा इंजेक्टर गाडीप्रमाणे दहा-पंधरा हजारांच्या घरात जातो, आणि एक गेला की बाकीचे रांगेतच असतात.

स्कॅनर लावायला सांगा. "एरर नाही" हे ऐकून गप्प बसू नका. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हेही बहुतेक स्कॅनर दाखवतात. तो आकडा पाच-दहा निघाला तर काल कुणीतरी कोड पुसलेत. काही गाड्यांत इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं रनिंग आणि डॅशवरचं रनिंग वेगळं निघतं. तेव्हा एजंटाच्या चेहऱ्याकडे बघायची मजा असते.

रस्त्यावर

गाडी तुम्ही चालवा. एजंट शेजारी बसून सारखा बोलत असेल आणि त्याने टेप लावला असेल तर आधी टेप बंद करा, मग त्याला. काच खाली, एसी बंद.

तिसऱ्या गिअरमध्ये गाडी पंधराशे आरपीएमला आणा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. दोन हजारांच्या आसपास पाठीला सीटचा धक्का जाणवला पाहिजे, तो टर्बो. बारीक शिट्टी स्वाभाविक आहे. पण आरपीएमबरोबर सायरनसारखा चढणारा आवाज आला तर टर्बोचा शाफ्ट हलतोय. धक्काच आला नाही तर एखादा होज (रबरी नळी) फाटलेला असू शकतो, तो किरकोळ. पण तेही कळल्याशिवाय पैसे देऊ नका. परत आल्यावर इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करतो तो) होज काढून आत बघा: तेलाचा ओलावा चालतो, डबकं चालत नाही.

चौथ्या गिअरला हळू वेगात जोर द्या. आरपीएमचा काटा चढतो आणि गाडीचा वेग मात्र तेवढाच, असं झालं तर क्लच प्लेट संपलीय. स्विफ्ट-डिझायरमध्ये क्लचचं काम आवाक्यात आहे. पण एक्सयूव्ही ५००, क्रूझ किंवा फोक्सवॅगन-स्कोडाच्या डिझेलमध्ये ड्युअल मास, म्हणजे दोन भागांचं फ्लायव्हील असतं, आणि त्याचा खर्च ऐकून लोक खुर्चीत बसतात. इंजिन बंद करताना गिअरबॉक्सच्या बाजूने खडखड आली, तर त्याच फ्लायव्हीलकडे बोट करा.

डिझेल इंजिनचं वजन जास्त, म्हणून पुढचे बुश, लोअर आर्म, इंजिन माउंटिंग लवकर जातात. आमच्या भागात उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेले रस्ते हीच त्याची तपासणी. बोगद्यासारखा खड्डा शोधत बसू नका, साध्या स्पीडब्रेकरवरून तिरकी घाला. टकटक आली तर भावात धरा. हा खर्च ठरलेला असतो, भीतीचा नाही.

शक्य असेल तर चढ शोधा. पाटणकडून चिपळूणला जाणारा कुंभार्ली किंवा पुण्याच्या वाटेवरचा खंबाटकी जवळ असेल तर उत्तम. घाट चढून वर आल्यावर तापमानाचा काटा बघा, आणि इंजिन चालूच ठेवून बोनेट उघडा. कूलंटच्या बाटलीत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट. बाटलीचं झाकण मात्र गरम असताना उघडू नका.

बेल्ट की चेन?

इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करायला आत टायमिंग बेल्ट असतो किंवा चेन. कोणतं आहे, हा प्रश्न गाडी ठरवतानाच विचारायचा. फियाटचं १२४८ सीसीचं मल्टीजेट स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, एर्टिगा, विस्टा, मान्झा, पुंटो, लिनिया अशा ढीगभर गाड्यांत गेलं. त्यात चेन आहे, आणि पार्ट कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतो. मारुतीने २०२० साली डिझेल बंद केली तरी हे खरं आहे. होंडाच्या अमेझ-सिटी डिझेललाही चेन. डस्टर, टेरानो, इकोस्पोर्ट, पोलो-व्हेंटो-रॅपिडच्या डिझेलला आणि जुन्या इनोव्हाला, म्हणजे क्रिस्टाच्या आधीच्या, बेल्ट आहे. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेडचं काम निघतं. तो कधी बदलला याचं बिल मागा. "बदललाय, मिस्त्रीने सांगितलं होतं" हे बिल नव्हे.

फोर्डने भारतात गाड्या बनवणं थांबवल्याचं २०२१ साली जाहीर केलं, शेवरोलेची विक्री २०१७ साली संपली. या गाड्या चालवायला सुरेख आणि भाव कमी. पण तुमच्या गावात त्या कंपनीची गाडी उघडणारा मिस्त्री आहे का, एवढं आधी विचारून घ्या.

मीटर, पूर आणि दिल्ली

मीटर मागे करायला फारसा वेळ लागत नाही, त्यामुळे मीटरवर विश्वास ठेवण्यापेक्षा क्लच पॅडलचं रबर, स्टिअरिंगची साल आणि ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बघा. साठ हजार चाललेल्या गाडीचं पॅडल गुळगुळीत होत नाही. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. गाडी २०१८ ची, मीटर तीस हजार आणि टायर २०२३ चे? मग पहिले टायर तीस हजारांच्या आतच कसे संपले, हे मालकाला विचारा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मालकाला घेऊन जा आणि नंबरवरून हिस्टरी काढून घ्या. मालक यायला तयार नसेल तर हिस्टरी न बघताच कळली.

टॅक्सीतून प्रायव्हेट केलेली गाडी आरसीच्या नोंदीत सापडते. शिवाय वर कॅरिअरची भोकं, नंबरप्लेटच्या मागे पिवळा रंग आणि ऐंशीच्या पुढे न जाणारी गाडी, म्हणजे स्पीड गव्हर्नर अजून तसाच. टॅक्सी वाईटच असते असं नाही. हायवेला सतत पळालेलं इंजिन गावात रांगलेल्या इंजिनपेक्षा बरं निघतं. फक्त भाव टॅक्सीचा द्या.

पुराची गाडी मात्र कुठल्याच भावाला घेऊ नका. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ मध्ये चिपळूण. त्या पाण्यातून निघालेल्या कितीतरी गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्या, आणि नंबर बदलत नसला तरी जिल्हा बदलतो. सीट बेल्ट पार शेवटपर्यंत ओढा. टोकाला गाळाची रेघ असते. कार्पेट उचलून सीटच्या रुळांचे बोल्ट बघा, फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यात नख फिरवा. डिझेलमध्ये हवा सतरा-अठरा पट दाबली जाते. तिथं हवेऐवजी पाणी शिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. वाकलेल्या रॉडवर गाडी काही महिने चालतेही, आणि मग एके दिवशी तो ब्लॉक फोडून बाहेर येतो.

दिल्ली आणि आसपासच्या एनसीआरमध्ये डिझेल गाडीला दहा वर्षांची मर्यादा हरित लवादाने २०१५ साली घातली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ती कायम केली आणि २०२५ साली बरीच सैल केली. त्या मर्यादेमुळे तिकडच्या आठ-नऊ वर्षांच्या मोठ्या गाड्या स्वस्तात इकडे येऊ लागल्या. गाडी चांगलीही असते. पण तिकडच्या आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स आणि पुन्हा नोंदणी हा खर्च आधी आरटीओत विचारून किमतीत मिळवा. बऱ्याच वेळा स्वस्ताई तिथंच संपते.

कागदांचं थोडक्यात. आरसीवरचा चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०. ई-चलन ऑनलाइन तपासा, बाकी असेल तर मालकाकडून भरून घ्या. इन्शुरन्स चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा असतो, आणि नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जुन्या मालकाकडेच राहतो, तुम्हाला मिळत नाही. एप्रिल २०१९ आधीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवली आहे का तेही बघा.

भाव ठरवताना वीस-पंचवीस हजार बाजूला काढूनच बोला. गाडी घरी आणली की ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट आणि डिझेल फिल्टर सगळं एकदम बदला, आधीच्या मालकाने काहीही सांगितलेलं असो. जुना डिझेल फिल्टर फेकण्याआधी पांढऱ्या भांड्यात ओतून घ्या. खाली पाण्याचा थर किंवा चमकणारा धातूचा चुरा दिसला तर पंप उघडावा लागेल, आणि ते लवकर कळलं तर इंजेक्टर वाचतात. बेल्टवाली गाडी असेल आणि बेल्टचं बिल मिळालं नसेल, तर तो बदलल्याशिवाय गाडी घाटात नेऊ नका.